घरात दोन पेशंट आणि त्यातला एक आपण: शेक चालू असताना व्यवस्था कशी लावायची

रेडिएशनला कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट. चूक मात्र सगळ्यांची एकच होते. ज्याला शेक घ्यायचा तोच माणूस घरातल्या दुसऱ्या आजाऱ्याचं सगळं बघत असतो, आणि ‘एकदा सुरू तर होऊ दे, मग बघू’ म्हणत व्यवस्था लावायची राहून जाते. मग तिसऱ्या आठवड्यात एकाच सकाळी आपला शेक, सासूबाईंचा एक्स-रे आणि न आलेली कामवाली असं सगळं जमून येतं, आणि बुडतो तो शेक.

मी दोन बुडवले. डाव्या स्तनाच्या ऑपरेशननंतर मला २० शेक सांगितले होते, आणि त्याच महिन्यात सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. पुढे ओळखीपाळखीतल्या अशाच घरांची वेळापत्रकं लावून देताना लक्षात आलं की माणसं कष्टाला कमी पडत नाहीत, क्रम तेवढा उलटा लावतात. म्हणून खालचे टप्पे मागेपुढे करू नका.

सुरुवातीलाच एक ठरवून टाका: कोर्स संपेपर्यंत शेकाची वेळ ही घरातली खुंटी. बाकीच्यांच्या अपॉइंटमेंटा तिला बांधायच्या. शेक रोज थोडा थोडा देतात तो हिशेबानं. मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर फारच. गर्भाशयमुखासाठी बाहेरचा (मशीनचा) आणि आतला (नळीतून आत दिलेला) शेक मिळून सगळं ८ आठवड्यांत आटपायचं असतं. सासूबाईंच्या एक्स-रेची तारीख तीन दिवस पुढे गेली तर सहसा काही बिघडत नाही. दुसरी खुंटी फक्त डायलिसिसची असू शकते, त्याबद्दल पुढे.

## टप्पा १: डॉक्टरांकडून काय काढून घ्यायचं

पहिल्या भेटीत आपण घाबरलेले असतो आणि ‘बरं होईल ना?’ एवढंच विचारून बाहेर येतो. खालचे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरंही तिथेच लिहा.

१. एकूण शेक किती, आणि आठवड्यातले कोणते दिवस? बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार. स्तनासाठी साधारण तीन आठवडे, वर कधी चार-पाच जादा शेक. तोंड-घशासाठी ३० ते ३५, म्हणजे सहा-सात आठवडे. गर्भाशयमुखासाठी पाच आठवडे आणि त्यानंतर किंवा शेवटी शेवटी आतला शेक, म्हणजे ब्रेकीथेरपी.

२. कमी दिवसांचा कोर्स माझ्या बाबतीत चालतो का? हे आपणहून कुणी विचारत नाही. काही कॅन्सरमध्ये रोजचा डोस थोडा वाढवून दिवस कमी करता येतात. स्तनासाठी निवडक पेशंटना पाच शेकांतही संपवतात. निर्णय डॉक्टरांचा, पण घरी अंथरुणावर माणूस आहे हे त्यांना कळल्याशिवाय ते तो विचार कसा करणार?

३. सोबत दर आठवड्याला केमो आहे का? असेल तर तो अख्खा दिवस हॉस्पिटलात जातो आणि दुसरा दिवस मळमळीत.

४. शेक घराजवळच्या सेंटरवर घेता येईल का? ऑपरेशन मुंबईत झालं म्हणून शेकही मुंबईतच घ्यायला हवा असं नसतं. परळच्या टाटा हॉस्पिटलला दाखवलेल्या सोलापूरकडच्या पेशंटनं बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलचं विचारावं, सांगलीकडच्यानं मिरजेचं. घरी दुसरा पेशंट असेल तर रोज रात्री घरी परत येता येणं ही सगळ्यात मोठी सोय. मुंबईत राहावंच लागलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन यांची चौकशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागामार्फत करा. पण दुसऱ्या आजाऱ्याला बरोबर घेऊन राहण्यासारख्या या जागा नव्हेत.

५. मशीनच्या सुट्ट्या कधी? गणपती, दिवाळी मध्ये येत असेल तर आत्ताच विचारा.

तपासा: पेसमेकर असेल, किंवा गरोदरपणाची जराही शक्यता असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगितलंय ना? आणि तोंड-घशाचा शेक असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे आधी जायचं. किडलेला दात काढायचा असेल तर जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात. शेकानंतर दात काढणं जबड्याला महागात पडू शकतं.

## टप्पा २: ‘मी घरच्यांजवळ बसू शकते का?’

यावर जितका गोंधळ तितका कशावरच नाही. एका घरात बाहेरच्या मशीनचा शेक घेणाऱ्या आजोबांना नातवापासून महिनाभर वेगळं ठेवलं होतं, ताटसुद्धा वेगळं. काही गरज नव्हती. उलट थायरॉइडसाठी आयोडीनचा डोस घेऊन आलेली एक बाई दुसऱ्या दिवशी गरोदर सुनेच्या शेजारी बसून भाजी निवडत होती. तिथे खरी गरज होती.

बाहेरच्या मशीनचा शेक (लिनॅक असो वा कोबाल्ट): मशीन बंद झालं की संपलं. अंगात काही उरत नाही. आजारी माणसाला भरवा, लहान मुलाला कुशीत घ्या, एका ताटात जेवा.

आतला शेक, ज्यात नळीतून किरणांचा स्रोत काही मिनिटं आत जाऊन परत येतो: तो काढून घेतला की तेच. घरी येताना तुम्ही सोबत काही आणत नाही.

रेडिओआयोडीन आणि रक्तातून किंवा तोंडावाटे दिलेली इतर किरणोत्सारी औषधं: इथे अंगातून, लघवीतून, थुंकीतून काही दिवस किरणं बाहेर पडतात. हॉस्पिटल लेखी सूचना देतं: किती दिवस वेगळी खोली, किती अंतर, गरोदर बाई आणि लहान मुलांपासून किती दिवस लांब. तेवढे दिवस आजाऱ्याची शुश्रूषा तुम्ही करायची नाही, अंघोळ घालणं आणि भरवणं तर नाहीच. तारीख मिळाली की त्या दिवसांसाठी माणूस आधी ठरवा, मग डोस घ्या.

सावध: पेट स्कॅन किंवा बोन स्कॅन झाल्यावरही त्या दिवशी काही तास तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईच्या जवळ बसू नका. स्कॅनवाले सांगतात, पण घाईत आपल्या कानाआड जातं.

## टप्पा ३: कामं सोपवा, तीही सिम्युलेशनच्या (शेकाआधी माप घेतात त्या दिवसाच्या) आधी

सगळ्यात जास्त इथे अडतं, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

पहिला आठवडा फसवा असतो. काहीच होत नाही. ‘एवढंच ना?’ म्हणून आपण सासूबाईंचं अंघोळपांघोळ, रात्रीचं उठणं, दुपारचा फिजिओथेरपिस्ट, सगळं चालू ठेवतो. थकवा येतो तो हळूहळू, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, आणि झोप काढून जात नाही. त्या वेळी नवीन माणूस शोधायला आणि त्याला शिकवायला अंगात बळ नसतं. म्हणून हातात बळ आहे तोवर काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं.

एक दिवस, पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत, आजाऱ्यासाठी तुम्ही जे जे करता ते वेळेसकट लिहून काढा. माझी यादी ३१ कामांची निघाली. ह्यांना वाटत होतं दहा-बारा असतील. मग त्याचे तीन ढीग करा.

उचलण्या-वळवण्याची कामं: कुशीवर वळवणं, कमोडवर बसवणं, डायपर बदलणं. ही तुमच्याकडून आजपासून गेली. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर जड माणसाचा भार घेणं बरं नाही, आणि पोटाच्या-कमरेच्या शेकात अशक्तपणा असतो. अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे रात्रीचाही माणूस लागणार. ब्युरोकडून आजाऱ्याचं करायला मावशी ठेवत असाल तर १२ तासांची दिवसा ठेवायची की रात्री, हा प्रश्न येतो. परवडणार एकच असेल तर रात्री ठेवा. दिवसा घरात कुणीतरी फिरकतं. रात्री उठायची वेळ तुमच्यावरच येते.

डोक्याची कामं: औषधं कधी, शुगर किती, कोणत्या डॉक्टरांना काय सांगायचं. ही नणंद-भावजय-मुलगा यांपैकी एकालाच द्या. दोघांत वाटलीत तर दोघंही समजतात दुसऱ्यानं केलं असेल. माझ्या नणंदबाई नाशिकला. त्यांनी फोनवरून सासूबाईंच्या डॉक्टरांचं सगळं सांभाळलं, आणि ते गावातच राहणाऱ्या दिरांपेक्षा चोख झालं. जवळ राहणं आणि हाती घेणं यात फरक असतो.

बसल्या जागची कामं: भाजी निवडणं, पेपर वाचून दाखवणं, गोळ्या डब्यात भरणं. ही ठेवा स्वतःकडे. सगळंच काढून घेतलं तर सासूबाई म्हणतात, ‘मी काय परकी झाले का गं?’

नवी मावशी आली की निदान तीन दिवस तुम्ही घरी असताना तिला सगळं करू द्या, तुम्ही फक्त खुर्चीत बसून बघा. आमच्या पहिल्या मावशीनं सासूबाईंना उठवताना दंडाला धरून ओढलं. कमरेला पट्टा बांधून, चालायची काठी समोर ठेवून, ‘एक, दोन, तीन’ म्हणत उठवायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. फिजिओथेरपिस्टच्या भेटीच्या वेळीच मावशीला बोलवा, म्हणजे शिकवणी एकदाच होते.

तपासा: मशीनच्या खोलीत फोन नेता येत नाही. मी आत असताना एकदा सासूबाईंच्या हॉस्पिटलमधून विम्याच्या मंजुरीसाठी ओटीपी मागायला सहा फोन आले होते. फोन लॉकरमध्ये वाजत होता आणि डिस्चार्ज अडून राहिला. आजाऱ्याच्या हॉस्पिटलात, विम्यात, डायलिसिस सेंटरवर तुमचा नंबर बदलून दुसऱ्या माणसाचा घाला. संमतीपत्रावर सही कोण करणार तेही ठरवा.

## टप्पा ४: सिम्युलेशनचा दिवस

शेक सुरू होण्याआधी सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपवून माप घेतात. तोंड-मेंदूच्या शेकाला जाळीचा मास्क करतात, स्तनाला दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावतात, अंगावर शाईच्या खुणा किंवा बारीक टॅटूचे ठिपके येतात. माप घेतल्यापासून प्रत्यक्ष शेक सुरू व्हायला काही दिवस ते दोन आठवडे जातात. ही मोकळी जागा देवानं दिलीय असं समजा आणि टप्पा ३ मधलं राहिलेलं पूर्ण करा. मी या दिवसांत दिवाळीची साफसफाई काढली. मूर्खपणा.

या दिवशी लक्षात ठेवायचं ते असं. हात वर जात नसेल तर महिनाभर आधीपासून व्यायाम हवा. ऑपरेशननंतर सासूबाईंच्या धावपळीत माझा राहिला होता आणि टेबलावर दहा मिनिटं हात वर ठेवताना डोळ्यांत पाणी आलं. कमरेच्या शेकाला मूत्राशय भरलेलं लागतं: लघवी करून, सेंटर सांगेल तेवढं पाणी (बहुधा अर्धा लिटरच्या आसपास) पिऊन, अर्धा-पाऊण तास थांबायचं. रोज तेवढंच पाणी, तेवढाच वेळ. ‘आईंना घेऊन येतोय, पाच मिनिटांत पोचते’ असं म्हणत धावत आलात तर मूत्राशय रिकामं आणि शेक पुढे.

मंगळसूत्र, गळ्यातली साखळी, कानातलं: मान किंवा छातीचा शेक असेल तर रोज काढावं लागतं. कोर्स संपेपर्यंत घरीच ठेवा. रोजच्या काढघालीत माझं एकदा कपडे बदलायच्या खोलीत राहिलं होतं, आणि सासूबाईंनी त्यावरून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

सावध: अंगावरच्या खुणा घासू नका. पुसट झाल्या तर स्वतः पेननं ओढू नका, टेक्नॉलॉजिस्टला सांगा.

## टप्पा ५: भिंतीवरचं एक वेळापत्रक

फोनमधलं नको. भिंतीवर, कॅलेंडरवर, दोन रंगांत: एक तुमचा, एक दुसऱ्या पेशंटचा. आधी सगळे शेक लिहा. आठवड्याची तपासणी आणि रक्ताची चाचणी त्यात धरा. त्या दिवशी दीड-दोन तास जादा. शेवटच्या तारखेपुढे आणखी चार-पाच दिवस कोरे ठेवा. मशीन बंद पडतं, आणि राहिलेले शेक शेवटाला जोडले जातात. मग उरलेल्या जागेत दुसऱ्याच्या तारखा बसवा.

नवरा डायलिसिसवर आणि बायकोला शेक, असं घर मी जवळून पाहिलं. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास, आणि तेही चुकवून चालत नाही. त्यांनी आधी शेक सकाळी नऊला आणि डायलिसिस दुपारी दोनला घेतलं होतं. घरी जायचं, पुन्हा यायचं, संध्याकाळी सातला दोघं लोळागोळा. शेवटी डायलिसिस सकाळच्या पाळीला घेतलं आणि शेक साडेदहाला मागितला. नवरा डायलिसिसच्या मशीनला लावलेला असताना टेक्निशियन त्याच्याकडे बघत असतात. ते चार तास बायकोचे मोकळे. फक्त तो सुटायच्या अर्धा तास आधी तिनं किंवा भाच्यानं तिथे परतायचं, कारण सुया काढल्यावर जागा दाबून धरावी लागते आणि उठल्यावर चक्कर येते. पण हे जमायला दोन्ही ठिकाणं एकाच आवारात किंवा रिक्षाच्या अंतरावर हवीत.

शेकाची ठरावीक वेळ मागायला लाजू नका. पहिल्या दिवशी टेक्नॉलॉजिस्टला दुसऱ्या पेशंटचं कार्ड दाखवा. दोन आठवडे झाल्यावर वेळ बदलून मागणं अवघड जातं.

## टप्पा ६: दोन फायली, एक पिशवी नाही

दोघांचे रिपोर्ट एकाच पिशवीत घेऊन फिरणारी माणसं मला ओपीडीच्या दारातूनच ओळखू येतात. दोन वेगळ्या रंगांच्या फायली करा. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, दोन फोन नंबर.

आता पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण कुटुंबाला मिळतं, माणशी नाही. खुब्याचं ऑपरेशन आणि तुमचा शेक एकाच रकमेतून जाऊ शकतात. म्हणून कोणताही उपचार सुरू होण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे) जाऊन यंदा किती शिल्लक आहे ते विचारा. आजाऱ्याचं वय ७० च्या पुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना त्यावर स्वतःचं वेगळं ५ लाखांचं संरक्षण मिळतं, म्हणजे कुटुंबाची रक्कम तुमच्या शेकाला उरते. आधार कार्डावरचं जन्मसाल बरोबर आहे ना, एवढं बघा. आमच्या सासूबाई कागदावर सहा वर्षांनी लहान निघाल्या.

प्रवासाचंही पाहून ठेवा. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टिअर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि बायकांना अर्धं तिकीट आहेच.

तपासा: रेशनकार्डावर दोघांचीही नावं आहेत? नाव, आडनाव, वय आधारशी जुळतं? हे जुळत नसेल तर दुरुस्तीला वेळ जातो. शेक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हे कळू नये.

## टप्पा ७: रोजचा दिवस

गोळ्या. दोन डबे, दोन रंग, दोन वेगळ्या खोल्या. आमच्याकडे फ्रिजवर एकच स्टीलचा डबा होता. सासूबाईंची थायरॉइडची गोळी १०० ची, माझी २५ ची, बाटल्या दिसायला जुळ्या बहिणी. चार दिवस मी त्यांची घेत होते. छातीत धडधड व्हायची ती मी शेकाच्या माथी मारली. बाटलीच्या झाकणावर मार्करनं मोठं नाव लिहा.

कातडी. शेकाच्या जागी कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलनं टिपून घेणं. हळद, तेल, बाम, पावडर, गरम पिशवी, बर्फ काही नाही. क्रीम डॉक्टर सांगतील तेच. आजाऱ्याचे गुडघे तेलानं चोळून त्याच हातानं आपली मान खाजवली, असंही होतं, म्हणून मालिश मावशीकडे. कोर्समध्ये दिवाळी आली तर अभ्यंगाला त्या जागेला तेल-उटणं नाही, नरकचतुर्दशी असली तरी. सैल सुती कपडे घाला.

तोंड. तोंड-घशाच्या शेकात एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरा. तिखट, आंबट, तंबाखू, दारू बंद.

एक चूल, दोन पथ्यं. हा विषय लोक हसण्यावारी नेतात. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी आणतो. शेक घेणाऱ्याला ते चालेल, पण डायलिसिसवरच्या माणसाला नाही: शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ते अंगात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. केळं, संत्र्याचा रस यांचंही तेच. वर सांगितलेल्या घरात बायकोसाठी आणलेली सहा शहाळी फ्रिजमध्ये रांगेनं उभी होती आणि नवरा रोज अर्धं ‘टाकून कसं द्यायचं’ म्हणून पीत होता. नशीब, डायलिसिसच्या रक्त तपासणीत दिसलं. अशा घरात नुसतं सांगून भागत नाही. चालत नाही ती वस्तू उंबऱ्याच्या आत घेऊ नका. स्वयंपाक वेगळा करायचा नसेल तर वरण-भात-भाजी बिनमिठाची आणि फिकी करा आणि ताटात वाढताना बदला.

संसर्ग. केमोही चालू असेल तर पांढऱ्या पेशी कमी होतात. घरातल्या आजाऱ्याला खोकला-ताप आला, नागीण उठली किंवा टीबीचं निदान झालं तर दुसऱ्याच दिवशी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा आणि तोवर खोली वेगळी, मास्क, हात धुणं. केमोनंतरचे ४८ तास तुमची लघवी, उलटी, घाम लागलेले कपडे इतरांनी हातमोजे घालून हाताळायचे. कमोड एकच असेल तर झाकण लावून दोनदा फ्लश.

सावध: यातलं काही झालं तर आठवड्याच्या तपासणीची वाट बघू नका: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पाणीसुद्धा गिळता न येणं, दिवसात चार-पाचपेक्षा जास्त जुलाब, रक्त जाणं, दम लागणं, कातडी सोलून ओली होणं. ताप मोजायच्या आधी पॅरासिटामॉल घेऊ नका. आजाऱ्याच्या बिछान्याशेजारी ती पट्टी पडलेलीच असते आणि हात आपोआप जातो.

## टप्पा ८: दुसऱ्याची तब्येत अचानक बिघडली तर

होणारच असं धरून चाला. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा: १०८ चा नंबर, कोणतं हॉस्पिटल, कोण जाणार, दुसरा कोण, फाईल कुठे, पैसे कुठे. ‘कोण जाणार’ मध्ये तुमचं नाव तिसऱ्या क्रमांकाच्या वर येता कामा नये.

मी पहिला शेक बुडवला तो सासूबाईंचे टाके काढायला. दुसरा त्यांना रात्री ताप आला म्हणून. दोन्ही वेळा सेंटरला कळवलंही नाही, लाज वाटली. तिसऱ्या दिवशी गेले तर डॉक्टर रागावले, ते बुडवल्याबद्दल कमी आणि न सांगितल्याबद्दल जास्त. कळवलं असतं तर त्यांनी संध्याकाळची वेळ दिली असती. हे करा:

आधी फोन करून त्याच दिवशी दुसरी वेळ मागा. पहाटे किंवा रात्री उशिरा बऱ्याच ठिकाणी मशीन चालू असतं. ते नाहीच जमलं तर भरपाई कशी करणार ते विचारा: शनिवारी, शेवटी जादा दिवस, किंवा एका दिवशी दोन, आणि दोनांत किमान सहा तासांचं अंतर. कोणतं योग्य ते डॉक्टर ठरवतील. आजाऱ्याला ॲडमिट करायचंच असेल तर शक्यतो तुमचं सेंटर असलेल्या हॉस्पिटलातच करा. मग तुम्ही वॉर्डातून खाली उतरून शेक घेऊन परत वर जाऊ शकता.

तपासा: आत्तापर्यंत किती झाले, किती राहिले? तुमच्याजवळच्या कार्डावरचा आकडा आणि सेंटरचा आकडा दर शुक्रवारी जुळवा.

## टप्पा ९: शेवटच्या शेकानंतरचे दोन आठवडे

घरच्यांना वाटतं संपलं. शेवटच्या शेकाच्या संध्याकाळी मावशीला सुट्टी देऊन टाकतात, पुढच्या सोमवारी सासऱ्यांच्या मोतीबिंदूची तारीख घेतात. कातडीचा, तोंडाचा त्रास आणि थकवा सहसा शेक संपल्यावर आठवडा-दोन आठवडे वाढतच असतो, मग उतरतो. म्हणून मावशीचे पैसे आणि रजेचा हिशेब सुरुवातीलाच या दोन आठवड्यांसकट करा, आणि दुसऱ्याचं पुढे ढकललेलं ऑपरेशन तिसऱ्या आठवड्याच्या आधी घेऊ नका.

कामं परत घेताना उलट्या क्रमानं: आधी डोक्याची, मग स्वयंपाक, मग बाहेरची धावपळ. उचलण्याचं सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टरांना विचारून. काखेतल्या गाठी काढलेल्यांनी महिन्यातून एकदा दोन्ही हातांचा घेर टेपनं मोजावा, कोपराच्या वर आणि खाली ठरावीक ठिकाणी. एक हात जड वाटला, बांगडी घट्ट झाली, अंगठी निघेना तर लगेच दाखवा.

सासूबाई तीन महिन्यांनी काठी धरून स्वतः न्हाणीपर्यंत जाऊ लागल्या. त्यांना उचलायचं काम मी नंतर परत घेतलंच नाही. न्हाणीत दोन लोखंडी कड्या ठोकून घेतल्या आणि खाली खरखरीत रबराची चटई टाकली. ती खरं तर आधीच टाकायला हवी होती.